गिरणीची वाट

सिन्नर तालुक्यातल्या एका गावात चाळिशीतल्या अण्णांची नजर काचबिंदूनं गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे कळल्यावर घरच्यांनी त्यांना बाजेवर बसवलं आणि पाण्याच्या पेल्यापासून सगळं हातात द्यायला सुरुवात केली. माया खरी होती. पण कालपर्यंत औत धरणारा माणूस त्या मायेखाली आक्रसत गेला.

मग एका संस्थेच्या कार्यकर्त्या ताई घरी येऊ लागल्या. शहरातल्या अंधांच्या केंद्रात शिकलेला माणूस गावी परतून पुन्हा बाजेवरच बसत असेल, तर शिकवणंच त्याच्या दारात न्यावं. हा विचार १९७८च्या अल्मा-आटा आरोग्य परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं देशोदेशी नेला. ताईंनी अण्णांच्या हाती पांढरी काठी दिली. उजवं पाऊल पुढे पडताना काठीचं टोक डावीकडे, डावं पडताना उजवीकडे. काठाच्या आत बोट ठेवून पेल्यात पाणी ओतायला शिकवलं, नोटा लांबीवरून ओळखायला शिकवलं. गिरणीची वाट तर अण्णांच्या पायांना पाठ झाली: देवळापुढची फरशी, मग उतार, मग डाव्या हाताला गिरणीची घरघर.

आणि एक दिवस गल्लीत आडव्या लावलेल्या मोटारसायकलीवर ते आपटले. आईनं काठी माळ्यावर टाकली. "ताई, पुरे झालं आता."

ताई त्या दिवशी अण्णांकडे बसल्याच नाहीत, दारोदार फिरल्या. गाडी भिंतीला लावा. अण्णांना हात धरून ओढू नका, तुमचं कोपर त्यांना धरू द्या. आणि तेही विचारूनच. मला तर खरी शिकवणी हीच वाटते. कुणी ऐकलं, कुणी मान डोलावून विसरलं, पुन्हा सांगावं लागलं. गल्ली मोकळी राहू लागली, तेव्हा आईनंच काठी खाली काढली.

एका दुपारी अण्णा दळण घेऊन उतारावर आले आणि वीज गेली. घरघर थांबली, तशी दिशाही हरवली. ते वाटेतच थबकले. ताई गावात नव्हत्या. पूर्वी चार जणांनी धावत जाऊन त्यांना घरी पोचवलं असतं. गिरणीवाल्यानं दारातून पाहिलं, रिकामा पत्र्याचा डबा उचलला आणि त्यावर माप आपटू लागला. ठण, ठण. अण्णांनी मान वळवली आणि काठी पुढे टाकली.

वीज तासाभरानं आली. पीठ घेऊन निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "अण्णा, उद्या माझी बाजरी पण आणाल का दळून? गुडघे फार धरलेत."

"सकाळीच द्या," अण्णा म्हणाले, "दुपारी वीज जाते."