हप्त्यातला न्याय

एकाच मोटारीच्या विम्यासाठी चार कंपन्यांकडून दर मागवले की चार वेगळे आकडे येतात. यातला बराचसा फरक वरवरचा असतो. एकीने गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, कमी धरलेली असते, दुसरीने झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे संरक्षण, जोडलेले असते, तिसरीने नुकसानीतले पहिले काही हजार मालकाच्या माथी ठेवलेले असतात. हे सगळे एका पातळीवर आणल्याखेरीज तुलनेला अर्थ नाही. पण तेवढे करूनही फरक उरतोच, आणि हा उरलेला फरक गणिताइतकाच नीतिशास्त्राचा विषय आहे. कोणाची जोखीम कोणाबरोबर मोजायची, याचे उत्तर प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते देऊन टाकलेले असते.

अनेकांनी थोडे थोडे देऊन एखाद्यावर आलेले संकट वाटून घ्यायचे, ही विम्याची मूळ कल्पना. मात्र ‘थोडे’ म्हणजे प्रत्येकाने किती, इथे वाट फुटते. एक मत असे की ज्याची जोखीम जास्त त्याने जास्त द्यावे. समानांना समान आणि असमानांना त्यांच्या प्रमाणात मिळाले नाही की भांडणे उभी राहतात, असे अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात म्हटले आहे. विमागणिती, बहुधा त्याचे नावही न घेता, त्याच वाटेने जातात. दुसरे मत असे की जोखीम वाटून घेणे हाच मूळ हेतू असेल, तर माणसांच्या बारीक बारीक प्रती पाडत जाण्याने तो हेतूच मारला जातो.

भारतातल्या मोटार पॉलिसीत ही दोन्ही मते एकाच कागदावर नांदतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ने सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा सरकारने ठरवलेल्या दराने मिळतो. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. कंपनी कोणतीही असो, आकडा तोच, त्यामुळे तुलना करायला इथे जागाच नाही. जपून चालवणारा आणि बेदरकार, दोघे सारखेच देतात. वरकरणी हा अन्याय वाटतो. पण या विम्याचे पैसे विमा घेणाऱ्याला मिळत नाहीत, त्याच्या गाडीखाली आलेल्या परक्या माणसाला मिळतात, आणि आपल्याला कोणाची गाडी धडकावी हे त्या माणसाला निवडता येत नाही. धोकादायक चालकाचा हप्ता परवडेनासा झाला आणि तो विम्याविनाच रस्त्यावर आला, तर शिक्षा त्याला नव्हे, त्या परक्याला होते. म्हणून इथला समान दर न्याय्यच म्हटला पाहिजे. इंजिनाच्या आकारावरून पडणारा फरक मात्र या तर्कात नीट बसत नाही. आठवडाभर गॅरेजात उभी असणारी मोठी गाडी रोज धावणाऱ्या छोट्या गाडीच्या कितीतरी पट भरते.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, याच पॉलिसीचा दुसरा भाग. तिथले सरकारी दरपत्रक १ जानेवारी २००७पासून उठले आणि पहिल्या मताचे राज्य सुरू झाले. तिथेही जुन्या दरपत्रकाची विभागणी मागे उरली आहे. मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ महानगरे ‘अ’ विभागात, बाकी देश ‘ब’ विभागात. विभाग गाडीच्या नोंदणीवरून ठरतो, त्यामुळे नाशिकची गाडी रोज मुंबईत फिरली तरी नाशिकचीच राहते.

चालकाच्या स्वतःच्या वागण्याला मोजायचा प्रयत्न नो क्लेम बोनसमध्ये आहे. एक वर्ष दावा न केल्यास २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. गाडी विकली तरी बोनस गाडीबरोबर जात नाही, मालकाबरोबर नव्या गाडीवर येतो. कर्म कर्त्याला चिकटते या श्रद्धेच्या अगदी जवळचे हे कलम आहे, फक्त इथे मोजला जातो तो दावा, दोष नव्हे. उभ्या गाडीला दुसऱ्याने ठोकले आणि मालकाने आपल्या पॉलिसीतून भरपाई घेतली, की बोनस गेला. दर महिन्याला कुठेतरी घासून खिशातून पैसे भरणाऱ्याचा मात्र शाबूत.

जोखमीप्रमाणे दर लावण्याची प्रथा भारतात विम्याहून जुनी आहे, आणि तिच्यातली अडचणही तितकीच जुनी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात अरण्यातून प्रवास करणाऱ्या ऋणकोला दरमहा शेकडा दहा आणि समुद्रमार्गे जाणाऱ्याला शेकडा वीस व्याज सांगितले आहे. अशा माणसाने प्राण आणि धन दोन्ही घालवण्याचा संभव असतो, हे कारण या स्मृतीचा टीकाकार विज्ञानेश्वर याने मिताक्षरेत दिले. पण स्मृतीतल्या या श्लोकाच्या आधीच्याच श्लोकात तारण नसलेल्या कर्जाचे दर वर्णाच्या क्रमाने दोन, तीन, चार आणि पाच टक्के असे आहेत. एका श्लोकात माणूस कुठे निघाला आहे ते पाहिले, दुसऱ्यात तो कुठे जन्मला ते. दोन्ही वर्गवाऱ्याच, परंतु दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत.

अमेरिकी तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८१मधील एका निबंधात जाणूनबुजून पत्करलेले नशीब आणि निव्वळ ओढवलेले नशीब असा भेद केला. तो इथे कामाला येतो. वेग माणूस निवडतो, लिंग निवडत नाही. तरुण पुरुषांचे अपघात जास्त, म्हणून युरोपात तरुणींना मोटार विमा स्वस्त पडत असे. बेल्जियममधील तेस्त-आशा या ग्राहक संघटनेच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी याविरुद्ध निकाल दिला, आणि २१ डिसेंबर २०१२पासून नव्या करारांत लिंगावरून हप्ता ठरवणे बंद झाले. तत्त्वाच्या बाजूने निकाल बरोबर होता: जपून चालवणाऱ्या तरुणाने इतर तरुणांच्या अपघातांचे पैसे का भरावेत? पण स्वस्त हप्त्याला मुकलेल्या तरुणीनेही कोणाचे काही बिघडवलेले नव्हते. शिवाय आकडेशास्त्र चिवट असते. लिंग विचारायचे नाही म्हटले तरी व्यवसाय आणि गाडीचे मॉडेल विचारता येते, आणि त्यांतून तेच उत्तर बरेचसे हाती लागते.

प्रत्येकाला त्याच्याच वागण्यावरून मोजले तर हा वाद मिटेल, असे वाटू शकते. भारतीय विमा नियामकाने जुलै २०२२मध्ये किती किलोमीटर आणि कशी गाडी चालवली यावरून हप्ता ठरवणाऱ्या योजनांना वाट करून दिली. पण रात्री उशिरा चालवणे जोखमीचे धरले, तर रात्रपाळीच्या परिचारिकेने ती वेळ हौसेने निवडलेली नसते. दुसरा पेच अधिक खोल आहे. प्रत्येकाचे उद्याचे नुकसान तंतोतंत कळले, तर हप्ता म्हणजे गॅरेजचे आगाऊ भरलेले बिल ठरेल आणि वाटून घेण्यासारखे काही उरणार नाही. विम्याला थोडे अज्ञान लागतेच, आणि ते किती राखायचे हे गणित सांगू शकत नाही.

उरला तुलना करण्याच्या कृतीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये नव्या ग्राहकाला स्वस्त दर द्यायचा आणि दर रिन्यूअलला चढवत न्यायचा, अशी कंपन्यांची रीत होती. वेळेअभावी, सवयीने किंवा विश्वासाने त्याच कंपनीत राहिलेला माणूस तीच गाडी आणि तीच जोखीम असून जास्त भरत होता. म्हणजे तुलना करणाऱ्याची बचत काही प्रमाणात तुलना न करणाऱ्याच्या खिशातून येत होती. याला जोखमीचे तत्त्व आधार देत नाही आणि वाटून घेण्याचेही देत नाही. दोष मात्र दर शोधणाऱ्याचा नव्हे. तो आपल्या पैशाची काळजी घेतो, एवढेच. दोष विश्वासावर अधिभार लावणाऱ्या दररचनेचा होता. तिथल्या वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२पासून घर आणि मोटार विम्यात ही रीत बंद केली. जुन्या ग्राहकाचा दर तशाच नव्या ग्राहकाला तीच कंपनी देईल त्याहून जास्त असता कामा नये, एवढाच तो नियम. दोन कंपन्यांच्या दरांतल्या फरकाला त्याने हात लावला नाही.