भाषा शिकण्याचे तास

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांचा दादरवरचा अभ्यास २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापून आला. मराठी शाळांच्या भवितव्याबद्दल आपण इतके बोलतो, पण या अभ्यासाचा उल्लेख क्वचितच कानावर पडतो, याचे मला वाईट वाटते. दादरच्या शाळांत मुले घालणाऱ्या मराठी कुटुंबांची पाहणी करून दोघांनी एक साधा प्रश्न विचारला होता: कोणी मुलाला मराठी माध्यमात घातले, कोणी इंग्रजी, आणि का? पाहणीतली मुले १९८२ ते २००१ या काळात शाळेत दाखल झालेली होती. म्हणजे गिरण्यांचा संप, गिरण्यांचे बंद पडणे आणि १९९१ नंतरची खुली अर्थव्यवस्था हे सगळे त्या वीस वर्षांत येऊन गेले.

नव्वदच्या दशकात इंग्रजी येणाऱ्याचा पगार भराभर वाढला. तेव्हा सगळेच इंग्रजीकडे वळतील, असे वाटणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. पिढ्यान्‌पिढ्या कष्टाच्या कामात असलेल्या जातींमधले मुलगे मोठ्या संख्येने मराठी माध्यमातच राहिले. त्याच जातींमधल्या मुली मात्र झपाट्याने इंग्रजीकडे गेल्या. घर तेच, मिळकत तीच, जात तीच, तरी निवड वेगळी.

याचे मूळ मुंबईच्या जुन्या नोकरभरतीत आहे. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला माणूस गिरणीत लागायचा तो जॉबरच्या (गिरणीत माणसे भरणाऱ्या मुकादमाच्या) ओळखीने, नाहीतर गाववाल्याच्या शब्दावर. तो रुळला की मग भावाला आणायचा, पुतण्याला आणायचा. गोदी, रेल्वे, कारखाने, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. या ओळखीच्या साखळीतून मिळणाऱ्या कामाला इंग्रजी लागत नव्हते. मुलगा इंग्रजी शिकून कचेरीत गेला, तर साखळीतली एक कडी कमी व्हायची. म्हणून त्याला त्याच वाटेवर ठेवण्याचा आग्रह, उघड किंवा न बोलता, बिरादरीकडून असायचा. मुलींसाठी अशी साखळी कधी बांधलीच गेली नव्हती, म्हणून त्या मोकळ्या राहिल्या. ज्या ओळखीने आजोबांना शहरात उभे केले, तिनेच नातवाला मागे धरले.

माध्यमाची निवड अस्मितेतून होते किंवा न्यूनगंडातून, असे आपण धरून चालतो. दादरच्या आईबापांनी पाहिले ते वेगळेच: आपल्या माणसांना काम कुठल्या वाटेने मिळते, आणि त्या वाटेवर कुठली भाषा चालते. स्थलांतर, भाषा आणि रोजगार यांवरचे जगभरचे संशोधन वाचताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. भाषेला भाव मिळतो तो कामाच्या आणि ओळखीच्या संदर्भात.

तो भाव मोजणे मात्र कठीण असते. मेहताब आझम, एमी चिन आणि निशिथ प्रकाश यांनी २००५च्या देशव्यापी कुटुंब-पाहणीवरून हिशेब मांडला, तेव्हा सफाईने इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची तासाची मजुरी इंग्रजी अजिबात न येणाऱ्यापेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त निघाली, आणि थोडेफार येणाऱ्याची सुमारे १३ टक्के. शिक्षण, वय वगैरे धरूनचा हा आकडा आहे. तरीही शंका उरतेच. ज्याला इंग्रजी येते त्याच्या घरात पुस्तके असतात, शहराची ओळख असते, ओळखीपाळखी असतात. मग पगार नेमका कशाचा? याच एमी चिन यांनी हॉइट ब्लीकली यांच्याबरोबर २००४ साली अमेरिकेबाबत एक सुंदर युक्ती वापरली होती. लहानपणी परदेशातून आलेले मूल जितके लहान, तितकी त्याची इंग्रजी पक्की होते. पण लवकर येण्याचे इतरही फायदे असतात. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून आलेल्या मुलांशी तुलना करून ते फायदे वजा केले, की उरतो तो भाषेचा परिणाम. तो चांगलाच मोठा निघाला, आणि मुख्यतः शाळेमार्फत आलेला: भाषा आली म्हणून मूल जास्त शिकले, जास्त शिकले म्हणून जास्त कमावले.

मोठ्या माणसांचे काय? इस्रायलमध्ये सोव्हिएत संघातून आलेल्या स्थलांतरितांवरचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. एली बर्मन, केव्हिन लँग आणि एरेझ सिनिव्हर यांना असे आढळले, की प्रोग्रामर आणि संगणक तंत्रज्ञांचा पगार हिब्रू सुधारली तसा स्पष्टपणे वाढला. बांधकाम मजूर आणि पेट्रोल पंपावर काम करणारे यांना हिब्रू आली तरी पगारात काही फरक पडला नाही.

पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या मजूर नाक्यावर सकाळी साडेसातला थांबले, तर याचे कारण कानांनी कळते. मुकादम येतो. किती माणसे, कितवा मजला, बिगारी की मिस्त्री, हजेरी किती, जेवणाचे काय. मोडक्यातोडक्या हिंदीत पाच वाक्यांत सौदा ठरतो आणि माणसे टेम्पोत चढतात. ओडिशाच्या किंवा बिहारच्या माणसाला या पाच वाक्यांपलीकडे कोणी काही विचारत नाही. त्याला सुरेख मराठी आली म्हणून हजेरी पन्नास रुपयांनी वाढत नाही. भाषा लागते ती नंतर: पंधरा दिवसांचे पैसे अडकले की, पायाड कोसळून सरकारी रुग्णालयात न्यावे लागले की, मुलाला महापालिकेच्या शाळेत घालायचे असले की. मजुरीच्या कोष्टकांत हे कधी उमटत नाही. म्हणून ‘मजुराला भाषेचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याने मोजायची गोष्टच चुकीची निवडली, असे मी म्हणेन.

उलट्या बाजूनेही पाहावे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघणारी जोडपी कोल्हापूर-सांगलीला पोचतात तेव्हा त्यांना भाषेची काहीच अडचण नसते. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याशी, बागायतदाराशी, ट्रॅक्टरवाल्याशी ती मराठीतच बोलतात. तरी हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. आधी घेतलेली उचल, आजारी पडले त्या दिवसाचा खाडा, हंगाम संपताना फिटले नाही म्हणून पुढच्या वर्षावर गेलेली बाकी. नवराबायको दोघे राबतात आणि मोजले जातात एक कोयता म्हणून. भाषा समान असून इतके दुबळेपण असेल, तर परप्रांतीय मजुराच्या दुबळेपणाचे सगळे खापर भाषेवर कसे फोडता येईल? हीच जोडपी कर्नाटकात गेली, की मुलांची शाळा सुटते ती वेगळीच. सहा महिने जवळची शाळा कन्नड असते, आणि परत येईपर्यंत मराठी वर्ग पुढे गेलेला असतो.

देशाच्या पातळीवरचा पुरावाही याच दिशेने जातो. २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालाने रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या आकडेवारीवरून अंदाज बांधला, की २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सरासरी ९० लाख माणसे कामासाठी एका राज्यातून दुसऱ्यात गेली. भाषा ही या प्रवाहातली मोठी अडचण दिसत नाही, असेही त्यात नोंदवले होते. जागतिक बँकेतल्या अभ्यासकांनी २००१च्या जनगणनेवरून शेजारशेजारच्या जिल्ह्यांमधले स्थलांतर तपासले. एकाच राज्यातल्या दोन शेजारी जिल्ह्यांत ते निदान ५० टक्के जास्त होते, मध्ये राज्याची हद्द आली की घटत होते, आणि भाषेचा फरक हिशेबात धरला तरी ही दरी उरत होती. तेव्हा राज्य ओलांडले की रेशन, राज्याच्या शिक्षणसंस्थांतल्या जागा, सरकारी नोकरी, सगळ्यांवर पाणी सोडावे लागत असे. अभ्यासकांनी बोट ठेवले ते यावर. माणसाला अडवणारी भिंत बहुतेक वेळा कागदांची असते.

आणि कधी भाषा हे नुसते निमित्त असते. टोरोंटोत फिलिप ओरिओपोलोस यांनी हजारो बनावट अर्ज नोकरीच्या जाहिरातींना पाठवले. शिक्षण कॅनडातले, अनुभव कॅनडातला. बदलले ते फक्त नाव. इंग्रजी वळणाच्या नावाला चिनी, भारतीय किंवा पाकिस्तानी नावापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त बोलावणी आली. भरती करणाऱ्यांना कारण विचारले तर उत्तर एकच: भाषेची काळजी वाटते. अर्जात भाषा उत्तम असल्याचे लिहिले असले तरी ती काळजी हटत नव्हती. टोरोंटोत असे कितीतरी कुलकर्णी आणि शिंदे असतील, ज्यांना न आलेल्या फोनचे कारण कधी कळले नाही. मुंबईत एखाद्या आडनावाला घर नाकारताना किंवा एखाद्या उच्चाराला मुलाखतीतून बाद करताना आपण याहून वेगळे काही करतो का, हे तपासायला हवे.

याचा अर्थ महाराष्ट्रात येणाऱ्याने मराठी शिकू नये असा मुळीच नाही. शिकावी, असे मला मनापासून वाटते. या राज्यात राहून इथल्या शेजाऱ्याशी, परिचारिकेशी, शिक्षिकेशी बोलता न येणे हे दोघांचेही नुकसान आहे. प्रश्न आहे ती कशी येते याचा. बॅरी चिसविक आणि पॉल मिलर यांनी स्थलांतरितांच्या भाषेवर अनेक वर्षे काम करून तीन गोष्टी पुढे ठेवल्या: भाषा कानावर किती पडते, शिकणाऱ्याची तयारी किती, आणि शिकून फायदा किती. नाक्यावरच्या माणसाला पहिली गोष्ट मिळत नाही, कारण तो आपल्याच गावच्या टोळीत पत्र्याच्या खोलीत राहतो. दुसरी मिळत नाही, कारण शाळा लवकर सुटलेली असते. तिसरी त्याला दिसत नाही. दमदाटीने यातले काहीही बदलत नाही.

आपल्या स्वतःच्या माणसांना परदेशी पाठवताना हे आपल्याला नीट कळते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा जर्मन भाषेचे प्रशिक्षण त्या योजनेचाच भाग होते. परिचारिकेला तिथे काम करायचे तर भाषेची ठरावीक पातळी गाठावी लागते, त्याला महिनोन्‌महिने जातात, शिक्षक लागतात, पैसा लागतो, हे सगळे आपण मान्य केले. असा खर्च वाया जात नाही. डेन्मार्कने १९९९ साली निर्वासितांसाठी भाषावर्गांचे तास वाढवले. मेटे फोगेड, जोवान्नी पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या माणसांचा पुढची अनेक वर्षे माग काढला, तेव्हा ज्यांना जादा तास मिळाले त्यांचे रोजगार आणि मिळकत दोन्ही टिकून वाढलेले दिसले. त्यांच्या मुलांच्या शिक्षणावरही त्याचा चांगला परिणाम झाला.

डेन्मार्क श्रीमंत आहे, हा आक्षेप कोणी घेईल. मग केरळ पाहू. तिथल्या साक्षरता मिशनने २०१७ साली पेरुंबावूरमध्ये, प्लायवूडच्या कारखान्यांत बंगाल-आसाम-ओडिशाचे कामगार भरलेल्या गावात, त्यांना मल्याळम शिकवणारा ‘चंगाती’ हा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी ‘हमारी मलयालम’ हे पुस्तक तयार केले. त्याच वर्षी एर्नाकुलम जिल्ह्यात ‘रोशनी’ सुरू झाली: स्थलांतरित मुलांच्या वर्गात त्यांची घरची भाषा जाणणारी व्यक्ती मदतीला उभी राहिली, म्हणजे मल्याळमकडे जाताना मूल मध्येच गळू नये.

महाराष्ट्रात याला पैसा नवा शोधावा लागणार नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६च्या कायद्याने इमारतीच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला. त्यातून मोठ्या साइटवर आठवड्यातले दोन तास मराठीचे ठेवता येतील. हे तास हजेरीत धरलेले असावेत, कारण बारा तास काँक्रीट ओतलेला माणूस रात्री नऊला वर्गात बसणार नाही, आणि बसला तर झोपेल. धडे पगारपावतीचे, कामगार कार्यालयातल्या तक्रारअर्जाचे, केसपेपरचे, सुरक्षेच्या फलकांचे असावेत. बायकांसाठी वेगळा वेळ हवा. घमेले उतरवल्यावर त्यांची चूल सुरू होते. आणि ब्लीकली-चिन यांचा हिशेब गंभीरपणे घ्यायचा, तर पहिला रुपया मुलांवर जायला हवा: साइटजवळच्या महापालिकेच्या मराठी शाळेत उडिया, तेलुगू किंवा भोजपुरी जाणणारी एक सहायक शिक्षिका, जून उलटून गेल्यावर आलेल्या मुलालाही त्याच दिवशी प्रवेश, आणि साइट संपून कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात गेले, तर दाखल्यासाठी महिनाभर न थांबता पुढच्या शाळेत बसता येण्याची सोय.