पूर्ण वाक्यात उत्तर द्या

‘पूर्ण वाक्यात बोल’ हा हुकूम आता इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीपासून स्पोकन इंग्लिशच्या क्लासपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ या प्रश्नाला मुलगी ‘इन सातारा’ म्हणाली की तिला थांबवतात आणि ‘आय लिव्ह इन सातारा’ असे वदवून घेतात. पहिले उत्तर अर्धवट, दुसरे शुद्ध. संगणकावर लिहिणाऱ्याच्या शब्दांखाली हाच हुकूम रेघ होऊन उमटतो. माझ्या मते मुलीचे पहिले उत्तर पूर्णच होते. त्याला अर्धवट ठरवणारा नियम दोन निराळ्या कल्पना एकत्र जुंपून तयार झाला आहे.

पहिली कल्पना अर्थाची. पूर्ण विचार सांगणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य, ही व्याख्या परंपरेने प्राचीन ग्रीक व्याकरणकार डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर आहे. प्रिशियनने ती लॅटिनमध्ये रुजवली आणि लॅटिनच्या आधाराने उभ्या राहिलेल्या इंग्रजी व्याकरणांनी ती मुकाट्याने उचलली. दुसरी कल्पना रचनेची: कर्ता हवा आणि काळ दाखवणारे क्रियापद हवे. रॉबर्ट लाउथच्या १७६२ च्या व्याकरणात दोन्ही शेजारी नांदतात. लिंडले मरेने १७९५ मध्ये त्यांना शाळेचा रस्ता दाखवला. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांना त्या भेटल्या त्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकात. यातले रेन मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ ही कादंबरीही त्यांचीच. तिच्यातली पात्रे मात्र व्याकरणाच्या धड्यासारखी बोलत नाहीत.

या दोन कल्पनांचे आपसात पटत नाही. ‘ही डिड’ यात कर्ता आहे, क्रियापद आहे. पण तो कोण आणि त्याने काय केले, याचा पत्ता नाही. तरी त्यावर कोणी लाल शाई चालवत नाही. ‘फायर!’ ऐकून अख्खी इमारत रिकामी होते, आणि त्यात कर्ताही नाही, क्रियापदही नाही. ‘बिकॉज आय वॉज इल’ यात दोन्ही असून ते अर्धवट ठरते. जर्मन अभ्यासक जॉन रीस यांनी १९३१ मध्ये वाक्याच्या शंभरावर व्याख्या जमवल्या होत्या. एवढ्या व्याख्या लागतात याचा अर्थ एकही पुरत नाही.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफिल्डने १९३३ मध्ये अर्थाचा नाद सोडला. बोलण्यातला जो तुकडा कोणत्याही मोठ्या रचनेचा घटक नसतो, तो वाक्य, असे त्याने ठरवले. पण असा तुकडा प्रत्यक्ष बोलण्यात ओळखायचा कसा? या प्रश्नाला हात घातला तो मिशिगन विद्यापीठातल्या चार्ल्स फ्राइजने, आणि नेमके त्याचेच म्हणणे सर्वांत चुकीचे वाचले गेले आहे. त्याने सुमारे ५० तासांची ध्वनिमुद्रित संभाषणे, म्हणजे अडीच लाखांवर शब्द, समोर ठेवले आणि १९५२ मध्ये ‘द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश’ लिहिले. लोक बोलतात ते सगळेच बरोबर, असे म्हणणारा माणूस अशी त्याची ख्याती झाली. शिक्षकांनी त्याला दूर ठेवले, मोकळेपणाच्या पुरस्कर्त्यांनी डोक्यावर घेतले. दोघांनीही पुस्तकाचा कणाच वगळला.

फ्राइजने व्याख्येपासून सुरुवात केली नाही. एकाने बोलायला लागल्यापासून दुसऱ्याने तोंड उघडेपर्यंतचा भाग त्याने आधी वेगळा काढला. मग पाहिले, की संभाषण सुरू करणारी वाक्ये आणि उत्तरादाखल येणारी वाक्ये यांची घडण सारखी असते का? नसते. हाक, अभिवादन असे ठरीव उद्गार वगळले, तर सुरुवात करणाऱ्याला मोजक्याच साच्यांतून जावे लागते आणि तिथे क्रियापदाचा आग्रह खराच आहे. उत्तर देणाऱ्याला ते साचे बंधनकारक नाहीत, कारण रचनेचा उरलेला भाग प्रश्नानेच पुरवलेला असतो. यात सैलपणा कुठे आहे? हा तर शाळेच्या नियमापेक्षा बारीक नियम आहे. पुरेपणा शब्दसमूहाच्या पोटात शोधू नका, त्याच्या आधी काय बोलले गेले ते बघा, असे तो सांगतो.

पुढे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीच्या १९५७ च्या पुस्तकाने वाक्य हे गृहीतच धरले. त्याचा प्रश्न वेगळा होता, आणि फ्राइजचा प्रश्न अडगळीत गेला.

लिहिताना समोर माणूस नसतो, म्हणून मुलांना कर्ता-क्रियापद सांभाळायला लावणे समजू शकते. तरी डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’चे पहिले वाक्य म्हणजे नुसते शहराचे नाव आहे. पण वर्गात तोंडी प्रश्न विचारून लेखी थाटाचे उत्तर मागण्यात खरे नुकसान वेगळेच होते. इंग्रजीतले आखूड उत्तर आळशी नसते. ‘हॅव यू ईटन?’ला ‘येस, आय हॅव’, ‘डझ शी सिंग?’ला ‘नो, शी डझन्ट’, ‘आय अ‍ॅम टायर्ड’ला ‘सो अ‍ॅम आय’: दर वेळी समोरच्याच्या वाक्यातून नेमके सहाय्यक क्रियापद उचलावे लागते, आणि मराठी मूल तिथेच अडखळते. पूर्ण वाक्याची घोकंपट्टी करणाऱ्याला ही उचल करावीच लागत नाही. तो प्रश्नाचे शब्द उलटसुलट करून परत देतो आणि पैकीच्या पैकी गुण घेतो.