प्रपंचातील ऊन-सावली आणि कृतज्ञभाव

देवस्थानात दररोज येणाऱ्या भाविकांमध्ये दोन प्रकारची मंडळी प्रामुख्याने आढळतात. काही जण मागणे घेऊन येतात, तर काही जण फेड करण्यासाठी येतात. मुलीचे लग्न जमावे, मुलाला नोकरी लागावी, आईचे दुखणे बरे व्हावे, विहिरीला पाणी लागावे, अशी मागणी श्रींच्या चरणी ठेवून भाविक परततो. इच्छा पूर्ण झाली की नारळ, खण, पेढे, अभिषेक किंवा अन्नदान करून नवस फेडतो. ही रीत फार जुनी आहे आणि तिच्यात श्रद्धेचा ओलावा आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि गाभाऱ्यासमोर क्वचित एक तिसरा भाविकही उभा असतो. त्याला आज काही मागायचे नसते, त्याचे काही फेडायचेही राहिलेले नसते. तरीही तो हात जोडून काही क्षण स्तब्ध उभा राहतो. त्याच्या मनातील भावास कृतज्ञता म्हणतात.

नवस फेडला की हिशेब मिटतो. कृतज्ञतेचा हिशेब मात्र मिटत नाही आणि तो मिटवण्याची घाईही कृतज्ञ माणसाला नसते. ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘केलेले जाणणारा’ असा आहे. आभार मानणे, सत्कार करणे, भेटवस्तू देणे या पुढच्या गोष्टी झाल्या. आपल्यासाठी कोणी काय केले आहे, हे ठाऊक असणे ही पहिली पायरी होय. याच्या उलट ‘कृतघ्न’ म्हणजे केलेले नष्ट करणारा. आणि केलेले नष्ट करण्यासाठी फार मोठे पाप करावे लागत नाही. ते लक्षात न घेणे एवढेही पुरेसे असते.

संकल्पातील कुटुंब

अभिषेकास बसताना गुरुजी नाव आणि गोत्र विचारतात व यजमानाकडून संकल्प करवून घेतात. त्या संकल्पात यजमान एकट्यासाठी काही मागत नाही. सकुटुंब, सपरिवार अशा सर्वांसाठी क्षेम, स्थैर्य, आयुष्य आणि आरोग्य मागितले जाते. पत्नी यजमानाच्या हाताला हात लावून बसते, तेव्हा त्या कर्मात तिचाही वाटा आहे हे शब्दांवाचून सांगितले जाते. पावतीवर नाव एकाचे असले तरी देवापुढे उभे राहते ते सबंध घर.

वैदिक परंपरेने मनुष्य जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन येतो असे मानले. गृहस्थाश्रमी माणसाला ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ असे पाच यज्ञ नित्य सांगितले. त्यांतील भूतयज्ञ म्हणजे पशुपक्ष्यांचा वाटा आणि मनुष्ययज्ञ म्हणजे दारी आलेल्या अतिथीचा सत्कार. मूळ कल्पना अशी, की घरात शिजलेल्या अन्नावर केवळ घरधन्याचाच हक्क नाही.

पूर्वजांनी ही जाणीव सणावारांतही गुंफून ठेवली. भाद्रपदाच्या वद्य पक्षात गेलेल्यांचे स्मरण होते. दसऱ्याला शेतकरी अवजारे पुजतो, कारागीर हत्यारे पुजतो, विद्यार्थी वह्यापुस्तके पुजतो. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून ते मळले जातात. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिले, नेमक्या त्याच जागी मायेचा हात फिरतो. ज्या भागात पोळा नाही, तेथे बेंदूर असतो.

येथे एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. नांगर ओढणाऱ्या बैलाचा खांदा ज्या संस्कृतीला आठवतो, तिला घराचे जू वाहणारा माणसाचा खांदा आठवतो काय? अन्नछत्रात एका दिवसाचे अन्नदान करणाऱ्या दात्याचे नाव फलकावर लागते आणि पंगतीत ‘अन्नदाता सुखी भव’ असा आशीर्वाद उमटतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या माउलीने तीस वर्षे, दोन्ही वेळा, आजारपणात आणि पाहुण्यांच्या गर्दीतही घराला जेवू घातले, तिच्या नावाचा फलक कोठे आहे? तिच्या वाट्याला बहुधा एवढेच वाक्य येते, की आज भाजीत मीठ कमी पडले.

संतांचे संसार

संतांचे जीवन म्हणजे संसारापासून दूर, सदैव शांत असे काहीतरी असावे, असा पुष्कळांचा समज असतो. महाराष्ट्रातील संतचरित्रे तसे सांगत नाहीत. आपले बहुतेक संत घरसंसार असलेले होते आणि त्या संसारात ऊनही होते, सावलीही होती.

देहूच्या तुकाराम महाराजांचा जन्म १६०८ सालचा मानला जातो. घरी महाजनकी, सावकारी आणि विठ्ठलभक्ती अशा तिन्ही गोष्टी होत्या. तरुण वयातच आईवडिलांचे छत्र हरपले. थोरले बंधू सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. पुढे १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी रखुमाबाई आणि मुलगा संतू यांचा अंत झाला. व्यापार बुडाला, मान गेला. अशा वेळी त्यांनी पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले. आणि कर्जाची खते धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटून घेऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. ज्याचे सर्वस्व गेले होते, त्याने दुसऱ्यांचे देणे माफ केले. दुःखाने माणूस आखडून जातो, तसा तो मोकळाही होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

पण ही कथा येथेच थांबवली तर ती अपुरी राहील. त्या घरात जिजाई होत्या. लोक त्यांना ‘आवली’ म्हणत आणि कीर्तनांतून त्यांच्या तोंडाळपणाचे किस्से सांगून श्रोत्यांना हसवले जाते. हसून झाल्यावर थोडा विचार करावा. घरात धान्य नसताना मुलांना सांभाळणारी ही स्त्री भंडारा डोंगर चढून पतीसाठी भाकरी घेऊन जात असे. वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढण्यासाठी प्रत्यक्ष विठ्ठल आला, अशी कथा परंपरेने जपली आहे. ज्या विठ्ठलाला ती बोल लावत होती, तोच तिच्या पायाशी बसला. देवाने तिच्या शब्दांपेक्षा तिची पायपीट मोजली, असाच या कथेचा आशय घेता येईल. महाराजांच्या निर्याणानंतर जन्मलेले धाकटे पुत्र नारायण महाराज याच माउलीच्या पदरी वाढले आणि १६८५ साली त्यांनी पालखी सोहळा सुरू केला. आज लक्षावधी वारकरी ज्या पालखीसोबत चालतात, तिच्या मागे एका कष्टलेल्या घराची ही पुण्याई आहे.

नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावाने गाऱ्हाण्याचे अभंग आहेत. घरची ओढग्रस्त, मुलाचे किंवा पतीचे संसारात लक्ष नसणे, याबद्दल त्या थेट पांडुरंगाशीच भांडतात. वारकरी परंपरेने हे अभंग गाळून टाकले नाहीत. नामदेवांच्या अभंगांच्या जोडीला त्यांनाही जागा दिली. तक्रार करणारा माणूस कृतघ्न असतो असे नाही. थकलेल्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकून घेणे हीसुद्धा त्याच्या कष्टांची जाणीव ठेवण्याचीच एक रीत आहे.

पैठणचे एकनाथ महाराज लहानपणीच आईवडिलांना पारखे झाले. आजोबा चक्रपाणी व आजी यांनी त्यांना वाढवले. पुढे त्यांच्या घरी पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध झाला असता, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्या मंडळींना त्यांनी तो आदराने वाढला, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथा सांगताना नाथांची समदृष्टी सांगितली जाते आणि ती थोरच आहे. परंतु त्याच दिवशी गिरिजाबाईंना सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागला. नाथांच्या औदार्याला दुसऱ्यांदा चूल पेटवणाऱ्या हातांची साथ होती. याच घरात पितापुत्रांचा मतभेदही झाला. पुत्र हरिपंडित हे संस्कृताचे विद्वान; वडिलांचे प्राकृतात पुराण सांगणे त्यांना रुचेना, म्हणून ते काशीस निघून गेले. नाथ त्यांना आणण्यास स्वतः गेले आणि मुलाच्या अटी मान्य करून त्याला घेऊन आले, असे चरित्रकार सांगतात. पुढे वडिलांची योग्यता मुलाला उमगली. तोवर पित्याने वाट पाहिली. दूरच्या शहरात अथवा परदेशात असलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईवडिलांना या कथेतील वाट पाहणे परके वाटणार नाही.

दुःखाच्या दिवसांत कृतज्ञता कशी?

सर्व काही सुरळीत असताना देवाचे उपकार मानणे सोपे. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, ज्यांचे पीक गेले आहे, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, त्यांनी कशाबद्दल कृतज्ञ असावे? या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. ‘जे होते ते बऱ्यासाठीच’ हे वाक्य दुःखी माणसाच्या तोंडावर फेकणे हा परमार्थ नव्हे. दुःखाला सुख म्हणा, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

मात्र दुःखाच्या दिवसांत एक गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. ज्या घरात मृत्यू होतो तेथे चूल पेटत नाही. तेव्हा शेजारच्या घरून पिठले-भात येतो. कालपर्यंत बांधावरून बोलणे बंद असलेला भाऊबंदही खांदा द्यायला येतो. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर कोणी रात्र काढतो, कोणी रक्त देतो, कोणी न विचारता हातात पैसे ठेवतो आणि त्याचा उल्लेखही करत नाही. मृत्यूबद्दल कोणी कृतज्ञ होऊ शकत नाही. पण गेलेल्या माणसाचा जो सहवास लाभला, त्याबद्दल होता येते. संकटाबद्दल नव्हे, पण संकटात पुढे आलेल्या हातांबद्दल होता येते. डोळ्यांतील पाणी आणि कृतज्ञता ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

मागे राहिलेल्यांचे पुण्य

प्रपंचात कृतज्ञता आणण्यासाठी वेगळे व्रत किंवा उद्यापन लागत नाही. यात्रेचेच उदाहरण घेता येईल. दर्शनाला आलेला प्रत्येक भाविक घरी कोणाला तरी ठेवून आलेला असतो. म्हाताऱ्या सासऱ्यांना वेळेवर औषध द्यायला सून मागे राहते. गोठ्यातील दावणीची जनावरे आहेत म्हणून धाकटा भाऊ मागे राहतो. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून मुलगा मागे राहतो, आणि शेजारच्या काकू न सांगता तुळशीला पाणी घालतात. रांगेत उभे राहण्याचा वेळ भाविकाला मिळाला, तो या मंडळींनी दिलेला वेळ आहे.

वारीहून परतलेल्या वारकऱ्याच्या पायावर गावकरी डोके ठेवतात. मोठ्या यात्रेनंतर मावंदे घालून आप्तेष्टांना जेवू घालण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. या सुंदर रीतींना एक जोड द्यावी. घरी पोहोचल्यावर प्रसादाची पुडी सोडताना पहिला प्रसाद त्याच्या हातावर ठेवावा, जो येऊ शकला नाही. ‘तू घर सांभाळलेस म्हणून माझे दर्शन झाले,’ एवढे एक वाक्य त्याच्याशी बोलावे. वय आणि नाते यांचा संकोच आड येत असेल, तरी तो एकदा बाजूला ठेवावा. सासूने सुनेला आणि वडिलांनी मुलाला असे म्हटल्याने कोणाचा मान कमी होत नाही. जो घरी राहिला, त्याच्या खात्यावर यात्रेचे निम्मे पुण्य जमा आहे, असे खुशाल समजावे.

दानधर्म करणाऱ्या सज्जनांनाही हेच निवेदन आहे. श्रींच्या चरणी अर्पण झालेल्या प्रत्येक रुपयामागे घरातील कोणाची तरी काटकसर असते. कोणी नवी साडी पुढच्या वर्षावर ढकललेली असते, कोणी जुनी सायकल आणखी एक वर्ष चालवलेली असते. दान देताना त्यांचे नाव मनात घ्यावे. पावतीवर ते नसले तरी श्रींना ते ठाऊक असते. आपल्यालाही ते ठाऊक असावे, यासाठीच तर हा सारा खटाटोप.

घराघरांत ऊन-सावलीचा खेळ चालायचाच. लग्नाचा मांडव आणि दुखवट्याची बैठक एकाच अंगणात होते. अशा वेळी एकमेकांनी केलेले एकमेकांना ठाऊक असावे, ते वेळीच तोंडाने बोलले जावे, आणि बोलायचे राहून गेले म्हणून कोणावर हळहळण्याची वेळ येऊ नये, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥