बरोबरीचे अडाणी

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत जनसंघाचे देशभरातून चारच खासदार निवडून आले. बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी त्यांतले एक. आजच्या महाराष्ट्रातले दोघे होते: धुळ्याचे उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीचे प्रेमजीभाई आशर. दोघांच्या मागं संयुक्त महाराष्ट्र समितीची ताकद होती, आणि त्या समितीत डांग्यांचे कम्युनिस्ट होते, एसेम जोशींचे समाजवादी होते, शेकाप होता. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका मांडवात बसली, कारण मुंबईसह महाराष्ट्र हवा होता. १ मे १९६० ला तो मिळाला आणि पुढं समितीही विस्कटली.

एक ध्येय असलं की माणसं जोडली जातात, असं आपण धरून चालतो. जोडली जातात, पण ध्येयाच्या मुदतीपुरती. मला इथं दुसऱ्याच एका गोष्टीची वकिली करायची आहे, ती म्हणजे सारख्याच अडाणीपणाची.

माझे दाजी धुळ्याचे आणि भाजपचे. आमचं जळगावचं घर आजोबांपासून काँग्रेसचं. आमच्या भागात यात नवल नाही. एकनाथ खडसे २०२० मध्ये राष्ट्रवादीत गेले, सून रक्षा खडसे भाजपच्याच खासदार राहिल्या, २०२४ ला केंद्रात क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. राजकारण्यांना हे पचतं. पचत नाही ते आपल्याला, मतदारांना. १० मे २०२४ ला अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. जळगावचं मतदान तीन दिवसांवर, धुळ्याचं दहा दिवसांवर. बहीण माहेरी आलेली, खापरावरचे मांडे उतरत होते, आमरसाच्या वाट्या भरलेल्या, आणि विषय निघाला कांद्याचा. निर्यातबंदी नुकतीच, ४ मेला उठली होती. "उठली ना बंदी? आता काय पाहिजे?" दाजी म्हणाले. "मतदानापुरती उठली," मी म्हणालो. पुढचं सगळ्या घरांत तेच असतं. मांडे गार झाले आणि बहीण रात्रीच्याच गाडीनं परत गेली.

४ जूनला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या, तेव्हा मी दाजींना पेढ्याचा फोटो पाठवला. नोव्हेंबरात विधानसभेला जळगावच्या अकराही आणि धुळ्याच्या पाचही जागा महायुतीनं घेतल्या. दाजींनी काहीच पाठवलं नाही. ते जास्त लागलं.

जळगावहून गोव्याला थेट विमान सुरू झालं होतं. बहिणीनं हट्टानं दोन्ही कुटुंबं नाताळानंतर तिकडं नेली. आश्वेच्या किनाऱ्यावर भाच्यानं स्वतःसाठी आणि मित्रासाठी सर्फिंगच्या शिकवणीचे पैसे भरून ठेवले होते. मित्र आला नाही, भाच्याचा पाय मुरगळला. पैसे परत मिळणार नव्हते, आणि भरलेले पैसे सोडणारा माणूस खानदेशात जन्मायचा आहे. दोन जागांवर दाजी आणि मी उतरलो.

शिकाऊ माणसाला आत, लाट जिथं फुटते तिथं नेत नाहीत. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर आली की कोसळते. मग जो फेसाचा लोंढा किनाऱ्याकडं धावतो, त्यात कमरेएवढ्या पाण्यात आपला वर्ग. फळी मऊ फोमची, माणसाहून बरीच लांब, तिची दोरी घोट्याला पट्ट्यानं बांधलेली. पालथं झोपायचं, मागून लोंढ्याचा धक्का बसला की दोन्ही तळवे छातीपाशी टेकवून एका झटक्यात उभं राहायचं. पोरं उभी राहतात. आम्ही आधी गुडघे टेकायचो. गुडघे टेकले की फळी डुगडुगते, मग नजर पायांकडं जाते, आणि नजर खाली गेली की माणूस गेलाच. "अंकल, नीचे मत देखो, किनारा देखो," शिकवणारा मुलगा ओरडायचा. तो जेमतेम विशीतला असेल. धुळ्यात दाजींना आप्पासाहेब म्हणतात. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत नाही. इथं आम्ही दोघंही अंकल. "पडनू रे भाऊ!" तोंडातलं खारं पाणी थुंकत दाजी म्हणाले, आणि मी हसलो तर तेही हसले.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं होतं की, दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्या भेटीत त्यांचा दर्जा सारखा असावा लागतो. एक ध्येय, सहकार्य, वरून पाठबळ या त्याच्या बाकीच्या अटी. ध्येयावर आपण भाषणं करतो. दर्जाची अट मात्र आमच्याकडं पुरी होणं महाकठीण. लग्नात दाजी मानाचे पाहुणे, अखाजीला जावई, पंगतीत त्यांचं ताट आधी. हुद्दा अंगावर असताना मत बदलणं सोडाच, मत ऐकून घेणंसुद्धा कमीपणाचं वाटतं. शिवाय चाळिशीनंतर आमच्याकडं माणूस शिकत नाही, शिकवतो. (पूर्वी आम्ही सगळे विहिरीवर एकत्र पोहायचो, असं आमची पिढी कौतुकानं सांगते. ती विहीर कोणाची होती आणि तिच्या पायऱ्या कोणाला उतरता येत नव्हत्या, हे सांगत नाही.)

पाण्यात बोलायला सवड नसते. बोलणं होतं ते दोन लाटांच्या मधे, तेही एवढंच: ही घ्यायची का? दाजी मान मागं वळवून विचारायचे, मी "सोडा, पुढची" म्हणायचो, आणि ते सोडायचे. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत त्यांनी माझं मत विचारून त्याप्रमाणं वागल्याचं मला आठवत नाही. कधी माझा अंदाज फसायचा, पुढची लाट फुसकी निघायची. त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, कारण मला तरी काय कळत होतं!

याच्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. सल्मा मूसा या संशोधिकेनं इराकमध्ये, आयसिसच्या थैमानानंतर, ख्रिश्चनांच्या काही हौशी फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घालून पाहिले. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. संघातल्या ख्रिश्चन खेळाडूंचं मुस्लिम खेळाडूंशी वागणं बदललं, सहा महिन्यांनीही ते त्यांच्यासोबत सराव करत होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयी त्यांना वाटणारं फारसं हललं नाही. मला हे निराशाजनक वाटत नाही. भाजपविषयी माझं मत तसूभर बदललेलं नाही, आणि बदलावं म्हणून मी समुद्रात उतरलोही नव्हतो. शिवाय गोव्याला जाऊन समान व्हायला पैसे लागतात. कापूस वेचणारीला ही समता परवडणार नाही, हेही खरं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. पोळ्याच्या सुमारास आमचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. "अमेरिकेनं ५० टक्के लावल्यावर गिरण्यांनी काय करायचं, ते सांग," दाजी म्हणाले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं तेव्हा मी पुन्हा फोन लावला: गिरण्यांना मदत करायची तर सरकारनं आपल्या तिजोरीतून करावी, आमच्या क्विंटलमागून का? त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, अजिबात पटलं नाही म्हणाले, आणि डिसेंबरची तिकिटं आत्ताच काढली तर स्वस्त पडतील, असंही सांगितलं.