पत्ता न ठेवता

छंदिष्ट माणसाला घरात मान नसतो. त्यातून तो बँकेतला कारकून असला, तर दिवसा लोकांच्या नोटा आणि रात्री लोकांची पाकिटं मोजणारा म्हणून नुसती कीव पदरी पडते. मी तिकिटं जमवतो. इतर देशांबद्दल आमच्या घरात तक्रार नाही. वाद होतो तो हिटलरच्या जर्मनीवरून.

"हे पाप काहून आणलं घरात?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"स्वस्तिक आहे त्यावर. शुभ असतं."

"आपलं सरळ उभं रायते. हे कलंडलं हाये."

इतका इतिहास इतक्या थोडक्यात मला कुणी शिकवला नव्हता.

कागदाला कसलं आलंय पाप, हा माझा युक्तिवाद. पण हिटलरचाच मंत्री आल्बर्ट स्पेअर आठवणींत सांगतो, की तिकिटावरच्या स्वतःच्या चेहऱ्याबद्दल हिटलरला रॉयल्टी मिळे. दर तिकिटामागे नखाएवढी, पण थेंबे थेंबे तळे साचे. अशी बिनबोभाट वसुली आमच्या शाखेला कधी साधली नाही.

मग सगळं जाळून टाकावं? तर नेताजींच्या आझाद हिंदची तिकिटंही १९४३ साली बर्लिनच्याच सरकारी छापखान्यात छापलेली. चित्रकार जोडपं हिटलरच्या टपालखात्याचंही काम करणारं. ती तिकिटं टपालात कधी चालली नाहीत. पण दर्यापुरात कुणी दाखवली, तर मी आधी चपला काढीन. तेव्हा छापखान्यावरून पाप ठरत नाही.

माझी अडचण भावाची आहे. साधं पाकीट स्वस्त, छळछावणीतून आलेलं महाग. जितकं दुःख मोठं, तितका भाव चढा. तारण दुसऱ्याच्या दुःखाचं आणि व्याज आपल्याला, असलं कर्जखातं आमच्या मॅनेजरसाहेबांनीसुद्धा मंजूर केलं नसतं.

तरी ही पाकिटं टाकवत नाहीत. १ जानेवारी १९३९ पासून तिथल्या ज्यू पुरुषांच्या नावात 'इस्रायल' आणि बायकांच्या नावात 'सारा' घालण्याची सक्ती झाली. पाठवणाराच्या नावात ते दिसतं. पुढे माणसांना पकडून नेल्यावर त्यांच्या नावची पत्रं परत येऊ लागली. शेरा असे : 'पत्ता न ठेवता निघून गेले.'

आमच्या वसुलीच्या नोटिसाही थेट असाच शेरा घेऊन परत येतात, आणि आम्ही चहा पिता पिता हसतो. कारण आमचा कर्जदार कापूस विकला, की बाजारात कुठेतरी सापडतोच. ते सापडले नाहीत. ते गेले नव्हतेच; त्यांना नेलं होतं. आणि शेरा लिहिणारा हिटलर नव्हता. असेल कुणी कारकून. माझ्यासारखाच, वळणदार अक्षराचा, पाचच्या ठोक्याला घरी जाणारा.

पाकीट फेकलं, तर ती माणसं दुसऱ्यांदा पत्ता न ठेवता जातील. म्हणून ती ठेवायची, नफ्यासाठी विकायची नाहीत. पाहुण्याला दाखवताना तिकिटाआधी नाव वाचून दाखवायचं, तेही मधलं 'सारा' गाळून. सरकारी नोंदीत खाडाखोड करायला आम्हाला सक्त मनाई आहे. पण ती बँकेत.