हात धुण्यापुरता वेळ

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात, नवजात बाळांच्या विशेष कक्षात दोन सिस्टर होत्या. एक इन्चार्ज, निवृत्तीला टेकलेली. दुसरी नुकतीच रुजू झालेली.

धाकटीच्या हातून पहिलं बाळ गेलं ते नाईटला. अकराशे ग्रॅमचं होतं. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. परत आली ती ठरवूनच, आता कशात जीव गुंतवायचा नाही. आयांची नावं विचारणं तिने सोडलं. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचा आकडा, ‘वॉर्मर चार’, ‘वॉर्मर सात’, एवढंच. औषधं वेळेवर, नोंदी चोख, डोळे कोरडे. सगळे म्हणाले, पोरगी कणखर झाली. न रडण्याला कणखरपणा म्हणायची आपल्याला फार जुनी खोड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाने करपून जाण्याची जी लक्षणं मांडली, त्यांत थकव्याइतकंच ठळक लक्षण आहे ते कामापासून मन तुटण्याचं. पोरगी सुधारली नव्हती, करपत चालली होती.

एका सकाळी ड्यूटी बदलतानाची ओव्हर चालू असताना सातव्या वॉर्मरची आई म्हणाली, “सिस्टर, लेकरू आज दूध ओढून नाही राहिलं.”

धाकटीने चार्ट पाहिला. वजन वाढलेलं, ताप नाही. “होईल ठीक,” म्हणत ती पुढे गेली.

इन्चार्ज थांबली. आईशेजारी बसली. “काल किती ओढत होतं, बाई?” विचारता विचारता तिने बाळाच्या तळपायांना हात लावला. गार होते. एवढ्याशा जिवात जंतुसंसर्ग शिरला तर ताप येईलच असं नसतं; पुष्कळदा बाळ आधी दूध सोडतं, मलूल पडतं. डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासायला गेलं, लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. बाळ वाचलं.

“मला कसं कळलं नाही, ताई?”

“तू त्या आईकडे बघितलंच नाहीस. बघितलं की त्रास होतो म्हणून.”

“तुम्हाला नाही होत?”

“होतो की. अजून होतो.” इन्चार्जने तिला बेसिनपाशी नेलं. हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा तक्ता वर चिकटवलेला होता. साबणाने नीट धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद लागतात. “बाळ गेलं की मी इथे येते. तळवे चोळताना मनाशी म्हणते, छाती भरून आलीय. बोटांच्या बेचक्यांत साबण जाईस्तोवर म्हणते, येऊ दे. मग तशीच, भरल्या छातीने पुढच्या बाळाकडे जाते. ती हलकी व्हायची वाट बघत बसले असते, तर कितीतरी फीड चुकली असती. आणि अगदीच झेपेना की सुट्टी मागते, भांडून मागते. एका सिस्टरने किती वॉर्मर सांभाळायचे, हे तिच्या मनाच्या ताकदीवर सोडायची गोष्ट नाही.”

पुढे पावसाळ्यात जुळ्यातला मुलगा गेला. धाकटी बेसिनपाशी गेली. नळ सोडला, रडली, सहाही पायऱ्या पुऱ्या केल्या. मग त्याच्या बहिणीच्या वॉर्मरपाशी आली आणि आईला म्हणाली, “तुमचं नाव काय, ताई?”

आईने नाव सांगितलं. तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “सिस्टर, तुमी बी रडता काय?”

“रडते. चला, हिला छातीशी घ्या, त्वचेला त्वचा लागू दे. सकाळपासून दूध कसं ओढतेय, ते सांगा मला.”